वांधा नाही, पण…

बडोदे,
१८ ऑगस्ट २०२५

प्रिय मोहना,

सप्रेम नमस्कार. आम्ही इकडे ठीक. भाऊजींचा खोकला थांबला का? त्यांना म्हणावं, ज्येष्ठमधाची काडी चघळा आणि सिगरेटी सोडल्याची नाटकं पुरे करा.

फोन सोडून ही बाई पत्र का लिहितेय, असं म्हणशील. फोनवर इरा शेजारी असते गं. आणि आपण दोघी पाच मिनिटांत खिदळायला लागतो, कामाचं तसंच राहतं. लग्न होऊन तू सांगलीला गेलीस तेव्हापासून महत्त्वाचं ते पत्रानेच, ही आपली रीत आहे. तर महत्त्वाचं हे, की तुझ्या लेकीचं, आपल्या इराचं, नाव लीगमध्ये लागलं नाही. तिने तुला दोन शब्दांत कळवलं असेलच. ती दोन शब्दांपलीकडे बोलते कधी?

भाऊजी ‘लिलाव, लिलाव’ म्हणत बसतील, त्यांना नीट समजाव. लिलाव नव्हे, ड्राफ्ट. खो-खोच्या या लीगमध्ये मुलींचे सहा संघ आहेत. ते पाळीपाळीने देशभरातून एकेक मुलगी उचलतात. जिचं नाव पुकारलं ती गेली त्या संघात, मग कॉलेजने हात जोडून बसायचं. नव्या मुलींसाठी वेगळ्या फेऱ्या असतात, त्या बावीसच्या आतल्यांच्या. इराला मार्चमध्ये बावीस पूर्ण होतात. म्हणजे तिची ही शेवटचीच संधी होती.

शनिवारी दुपारी आम्ही तिघं, इरा आणि आम्ही नवराबायको, टीव्हीसमोर मांडी ठोकून बसलो होतो. मी साटोऱ्या केल्या होत्या. नाव पुकारलं की तोंड गोड करायचं असं ठरलं होतं. एकेक फेरी संपत गेली. तिच्याहून कितीतरी सामान्य मुली उचलल्या गं! एक तर अशी, की मागच्या वर्षी आपल्या इराने तिला आतबाहेर नाचवून दमवली होती. शेवटची फेरी संपली तशी इरा उठली आणि म्हणाली, “मावशी, चहा टाकू?” मी म्हटलं, टाक. साटोऱ्या दुसऱ्या दिवशी शेजारी वाटल्या.

आनंद चहा पिताना म्हणाला, “चला, सुंठीवाचून खोकला गेला की तुझा!” मी त्याच्यावर अशी खेकसले की बिचारा कप घेऊन गॅलरीत गेला.

त्याचं म्हणणं तसं चूक नव्हतं. तुला ठाऊक आहे, मागच्या वर्षी लीगने माझ्या कॉलेजच्या तीन मुली उचलल्या आणि माझा संघ पहिल्याच सामन्यात गारद झाला. यात खरी मेख आहे तारखांची. कॉलेजचे प्रवेश जूनमध्ये, ड्राफ्ट ऑगस्टमध्ये. संघ बांधायचा तेव्हा कोण राहणार नि कोण जाणार, काही पत्ता नसतो. पंगतीला पानं किती मांडायची हे पाहुणे येण्याआधी ठरवायचं, तशातली गत. कमी मांडली तर पाहुणा उभा, जास्त मांडली तर यजमानाची फजिती. त्यात आमच्या प्राचार्यांनी बजावून ठेवलंय की यंदा खो-खोचा संघ विभागात वर आला नाही तर खेळाडूंच्या राखीव जागा कबड्डीला देऊन टाकणार.

म्हणून मी जूनमध्येच पादरा गावच्या नयनाला आणली. नडियादच्या एका कॉलेजचं तिला बोलावणं होतं. मी तिच्या घरी गेले, अंगणात खाटल्यावर बसून छास प्यायले आणि तिच्या आईला सांगितलं, “आमची इरा लीगला जाणार, तिच्या जागी तुमची नयना. पाकुं!” आता इरा राहिली, तर मैदानात उतरणाऱ्या नऊ जणींत नयनाला जागा नाही. ते एक बघू काहीतरी.

तुझ्या मनात येईल, असं झालं कसं? मला काय ठाऊक! हे लीगवाले म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणारे. जुलैत त्यांचा तो हार्दिकभाई आला होता मुली बघायला. गळ्यात पट्टा, हातात टॅब, पायात पांढरे बूट. इराबद्दल मलाही विचारून गेला. मी जे होतं ते सांगितलं. पुढे त्यांनी काय दिवे लावले ते त्यांचं त्यांना माहीत.

इरा बरी आहे. रविवारी पहाटे उठून बूट धुतले, मैदानाला फेऱ्या मारून आली, दोन वाट्या पोहे खाल्ले. तू तिला खोदून खोदून विचारू नकोस. आणि खरं सांगू? तिची बॅग भरावी लागली नाही, याचं मला जरा बरंही वाटलं. रागावू नकोस.

गणपतीचे मांडव पडायला लागलेत. मांडवीच्या बाजारात चालायला जागा नाही. भाऊजींना नमस्कार.

तुझी,
शैला

~

बडोदे,
९ ऑक्टोबर २०२५

प्रिय मोहना,

तुझं पत्र आणि भडंग, दोन्ही पोचलं. भडंग तर पोचल्याच्या संध्याकाळीच निम्मं झालं. आनंदने डबा मांडीवर घेतला होता आणि इरा त्याच्या हातातून मुठी पळवत होती.

भडंगाचं ठीक आहे. पण पत्रात तू काय लिहिलंयस गं? “तुझ्यापाशी आहे म्हणून मी निर्धास्त आहे. आईपेक्षा तू जास्त केलंस तिचं.” असलं काहीबाही लिहीत जाऊ नकोस. मी ते वाचलं आणि पत्र उशीखाली न ठेवता गव्हाच्या पिंपात टाकलं. हसू नकोस. इराच्या हाती लागू नये म्हणून.

इकडची खबर. नवरात्र जोरात झालं. इरा नऊच्या नऊ रात्री गरब्याला गेली. नऊ रात्री, मोहने! घागरा भिरभिरवत, अनवाणी. रोज दुसऱ्या दिवशी पुन्हा मैदानावर हजर, खांबावर सूर मारायला तयार. मागच्या दिवाळीत सरावात तिचा गुडघा मुरगळला होता, आठवतं ना, तू रात्रीची गाडी पकडून आली होतीस? त्याचा आता मागमूस नाही. फेब्रुवारीपासूनच नाही.

ते जाऊ दे.

नयनाची आई येऊन गेली. पादऱ्याहून बसने, हातात भुईमुगाच्या शेंगांची पिशवी. ऑफिसच्या दारात उभी राहिली, आत यायलाच तयार नाही. मला म्हणाली, “बेन, नयना कहे छे के ए तो बहार बेसे छे.” मुलगी बाहेर बसते म्हणतेय, हे खरं का, एवढंच विचारायचं होतं बाईला. मी तिला समजावलं, परिस्थिती बदलली, इरा राहिली, नयना लहान आहे, पुढच्या वर्षी बघू. बाईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “तमे कह्युं’तुं, पाकुं.” तुम्ही पक्कं म्हणाला होतात. आवाज चढवला नाही, काही नाही. शेंगा मात्र ठेवून गेली. मला त्या सोलवेनात. कामवालीला देऊन टाकल्या.

मोहने, एक गोष्ट सांगायची आहे, तशी विशेष काही नाही. तो हार्दिकभाई जुलैत आला होता ना, तेव्हा त्याने मला बाजूला घेऊन विचारलं होतं, “बेन, छोकरीना घूंटणमां कंई वांधो तो नथी ने?” गुडघ्याचं त्याला कुणीतरी सांगितलं असणार. मी म्हटलं, “वांधो नथी, पण…” आणि तेवढ्यात मला शिट्टी वाजवायला जावं लागलं, मुलींचा डाव संपला होता. वाक्य तसंच राहिलं. म्हणजे मला म्हणायचं होतं, वांधा नाही, पण जरा जपून खेळवा. आपण सगळ्यांबद्दलच असं म्हणतो. बडोद्याची माणसं दिवसातून शंभरदा ‘वांधो नथी’ म्हणतात, त्यात काय एवढं? आता त्या माणसाने त्यातून काही भलतंच घेतलं असेल तर मी काय करणार? मी खोटं काही बोलले नाही. तूच सांग, बोलले का?

आनंदला विचारलं तर तो म्हणाला, “खोटं नाही बोललीस.” मग थोड्या वेळाने पेपरातून डोकं वर काढून म्हणाला, “पण तू मला हे तिसऱ्यांदा विचारतेयस.” निवृत्त झाल्यापासून याला मोजायचा नाद लागलाय.

दिवाळीला इराला पाठवते. आमच्या चिरंजीवांचा, सोहमचा, कॅनडाहून फोन आला होता, यंदाही येणं जमत नाही म्हणे. चकल्यांची भाजणी तिच्याबरोबर देईन, तुझ्या हाताला ती कधी जमली नाही.

तुझी,
शैला

~

बडोदे,
६ नोव्हेंबर २०२५

मोहना,

मागच्या पत्रावर तुझा निरोप आला, “असू दे गं, तुझ्या मनात काही नव्हतं हे मला माहीत आहे, उगाच जिवाला लावून घेऊ नकोस.” तो वाचून मला स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. माझ्या मनात होतं. सगळं होतं. आज सगळं लिहिते. मध्येच पत्र फाडू नकोस, कारण शेवटी तुझ्याकडे एक मागायचं आहे आणि ते इरासाठी आहे.

शिट्टी नव्हती. डावही संपला नव्हता. मुली पाणी पीत होत्या, मैदान मोकळं होतं, मला कुठेही जायचं नव्हतं. मी ‘पण’ म्हणाले आणि थांबले. मुद्दाम. हार्दिकभाई माझ्याकडे बघत होता. मी मान जराशी हलवली आणि दुसरीकडे बघितलं. तो म्हणाला, “समजी गयो, बेन.” काय समजलास रे बाबा, असं मी त्याला विचारलं नाही. तो काय समजला हे मला पुरतं ठाऊक होतं. मुलगी चांगली आहे, पण गुडघा गेलेला आहे आणि बाई तिच्या प्रेमापोटी तोंडाने बोलत नाहीये, असं तो समजला. वर माझ्याबद्दल त्याला आदर वाटला असणार! जाताना मला वाकून नमस्कार करून गेला.

एका मुलीचं आयुष्य खाऊन टाकायला मला धड खोटंही बोलावं लागलं नाही, बघ. अर्ध्या वाक्यात काम झालं.

का केलं? पहिले दोन महिने मी स्वतःला सांगत होते की संघासाठी. नयना गुणी आहे, पण अजून कच्ची, तिच्या जिवावर विभाग जिंकता येणार नाही. संघ हरला तर राखीव जागा जातील. मग पादऱ्या-डभोईच्या या मुलींना कोण विचारणार? एका इरासाठी बाकीच्यांचं नुकसान करू का? किती छान वाटतं ना हे ऐकायला! सभेत उभं राहून म्हटलं तर टाळ्या पडतील.

तेही खरंच आहे. पण बघ, पुन्हा ‘पण’. सोहम कॅनडाला गेल्यापासून आमच्या घरात दोन माणसं आणि एक टीव्ही एवढंच होतं. इरा आली आणि दुसऱ्या दिवसापासून जिन्यात बूट पडायला लागले. ‘मावशी, भूक’, ‘मावशी, माझी निळी पँट’. आनंद तिच्याशी भांडायला लागला, म्हणजे माणसात आला. संध्याकाळी मैदानावरून आम्ही दोघी स्कूटरवर येताना ती मागे बसून दिवसभराचा खेळ माझ्या पाठीवर बोटाने आखून दाखवायची, इथून मी आत गेले, इथून बाहेर. ती लीगला गेली असती तर परत आली असती का? कशाला येईल? मला ती हवी होती. तुझी मुलगी मी धरून ठेवली, मोहना. संघाचं नंतर सुचलं.

आणि तिसरं आहे, ते लिहायला हात उचलत नाही. आपल्या वेळी असं काही असतं तर? तू आणि मी. तू माझ्यापेक्षा सरस होतीस, सगळ्यांना ठाऊक होतं. तेव्हा आपल्याला एक कप आणि एक बिस्किटाचा पुडा मिळायचा, तोही बारा जणींत वाटून. ड्राफ्टच्या जाहिरातीत त्या मुली दिव्यांमधून पळत येताना दिसल्या की मी चॅनल बदलायचे. कौतुकाने कुणी चॅनल बदलत नाही. एवढंच लिहिते.

आता झालं काय ते ऐक. सोमवारी हार्दिकभाईचा फोन आला. त्यांच्या एका संघातली पळतीची मुलगी सरावात खांद्यावर पडली, यंदा खेळू शकणार नाही. बदली हवी आहे. तुमच्याकडे कोण आहे, असं विचारत होता. इराचं नाव त्याने घेतलंही नाही, कारण ती त्याच्या हिशेबात बाद. मी म्हटलं, विचार करून सांगते. फोन ठेवून स्वयंपाकघरात आले. इरा ओट्याशी उभी राहून स्वतःसाठी अंडं फोडत होती. तिच्या पाठीकडे बघून मी म्हटलं, “इरा, जुलैत तो हार्दिकभाई आला होता ना…”

ती म्हणाली, “माहीत आहे, मॅडम.”

तुला सांगून समजणार नाही. आमच्यात असं ठरलेलं आहे, मैदानावर मॅडम आणि घरात मावशी. अडीच वर्षांत तिने एकदाही गल्लत केली नव्हती. घरात, माझ्या स्वयंपाकघरात, ती मला मॅडम म्हणाली.

तिला नवरात्रापासून ठाऊक होतं. गरब्याच्या मैदानावर हार्दिकभाई तिला भेटला होता. तिला तसं नाचताना बघून म्हणाला, जपून गं, तुझ्या बाईंनी मला गुडघ्याचं सांगितलंय, उद्या सुजून बसेल. म्हणजे मी तुला ते ‘खोटं बोलले का’ वालं पत्र लिहीत होते तेव्हा ती आत बसून माझ्या साडीला फॉल लावत होती, आणि तिला सगळं माहीत होतं. दिवाळीला तुझ्याकडे आली, तुला काही बोलली नाही. परत आली. मला वाकून नमस्कार केला. मी तिच्या हातावर पाकीट ठेवलं. ती ‘थँक्यू मावशी’ म्हणाली.

मी विचारलं, “मग बोलली का नाहीस?”

गॅस बंद करून म्हणाली, “तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते. रोज वाटायचं, आज सांगतील.” मग माझ्याकडे वळली. “मला वाटलं मीच कमी पडले. ऑगस्टपासून नवरात्रापर्यंत मला तेच वाटत होतं. पळताना माझा पाय आपोआप आखडायचा. तुम्ही बघत होतात, मॅडम. तुम्ही म्हणायचात, ‘मन लाव.’”

मी म्हणायचे गं. तिच्या पाठीत धपाटा घालून म्हणायचे.

मी माफी मागितली. ओट्याला धरून उभी होते, काय काय बोलले आठवत नाही. आनंद दारात येऊन उभा राहिला. इराने ते अंडं झाकून ठेवलं. म्हणाली, “आईला तुम्ही सांगा. मी सांगितलं तर ती तुमचीच बाजू घेईल.” आणि सरावाला निघून गेली. चालत. स्कूटरवर माझ्यामागे बसली नाही.

मग मी हार्दिकभाईला फोन लावला आणि स्वच्छ सांगितलं. गुडघा ठणठणीत आहे, तेव्हाही होता, मी जाणूनबुजून तुमचा गैरसमज होऊ दिला. मला वाटलं होतं तो रागावेल, ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो अगदी शांतपणे म्हणाला, “बेन, तमे त्यारे साचुं बोल्यां के अत्यारे?” तुम्ही तेव्हा खरं बोललात की आता? बदलीत मुलगी घुसवायला कॉलेजं काय काय सांगतात हे त्याला रोजचं आहे. मी पण त्यातलीच एक झाले. तीस वर्षं या मैदानावर घालवली आणि माझ्या ‘हो’ला नि ‘नाही’ला आता सारखीच किंमत आहे, म्हणजे कसलीच नाही. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो दांडा मी.

मी त्याच्या विनवण्या केल्या. लाज गुंडाळून ठेवली. म्हटलं, माझं काही ऐकू नका, तिला पळताना बघा. शेवटी तो एवढ्यावर आला की पुढच्या रविवारी, सोळा तारखेला, पुण्याला त्यांची चाचणी आहे, त्यांचाच डॉक्टर गुडघा तपासेल, त्यांचाच प्रशिक्षक तिला पळवून बघेल. आणखी दोन मुली येणार आहेत. घेतलं तर घेतलं, नाही तर नाही. आणि फोन ठेवायच्या आधी म्हणाला, “तमे ना आवता, बेन.” तुम्ही येऊ नका.

बरोबर आहे त्याचं. मी मैदानाच्या कडेला उभी दिसले तर डॉक्टर तिचा गुडघा चार वेळा जास्त दाबून बघेल.

नयनाशीही बोलले. इरा पुण्याला घेतली गेली तर तू नऊ जणींत, आणि नाही घेतली तरी पळतीच्या पहिल्या तुकडीत तुला उतरवणार, मग विभाग हरलो तरी हरकत नाही. प्राचार्यांनाही तसं सांगून आले. त्यांनी चष्मा काढून पुसला. नयनाने मात्र माझ्याकडे मान वाकडी करून बघितलं आणि विचारलं, “आ वखते पाकुं ने, बेन?” या वेळी तरी पक्कं ना? मला हो म्हणायचा धीर होईना. म्हटलं, तुझ्या आईला बोलाव, तिच्यासमोर सांगते. ती शनिवारी येतेय. मी तिच्यासमोर काय तोंड घेऊन उभी राहणार आहे, देवाला ठाऊक.

आता मागणं. इरा पंधरा तारखेला सकाळी पुण्याला उतरते. मी तिला म्हटलं, स्टेशनवर सोडायला येते, तर म्हणाली रिक्षाने जाईन. तू सांगलीहून ये. तिच्याबरोबर तू राहा. रात्री तिला झोप येणार नाही, पायाचे पंजे चोळून दे. सकाळी फार खाऊ घालू नकोस, एक केळं आणि चार खजूर पुरे. पहिल्या पळतीला ती घाबरून खांबाला चिकटून राहते, तिला म्हणावं मधल्या मोकळ्या जागेत ये, तिथे तुला कुणी गाठत नाही. हे तुला मी काय सांगणार? हे तूच तिला शिकवलंयस, सांगलीच्या शाळेच्या मातीत, ती दहा वर्षांची असताना. माझ्याकडे आली तेव्हा ती तयारच होती. पेपरात मात्र ‘शैलाबाईंची शिष्या’ असं छापून आलं तेव्हा मी कात्रण फ्रेम करून लावलं होतं. काल काढलं.

तू माझ्याशी बोलशील की नाही ते मला विचारायचं नाही. तुला येईल तो राग येऊ दे. फक्त पुण्याला ये.

तिथले लोक विचारतील, कुणाच्या हाताखाली शिकलीस? तर तिने तुझं नाव सांगावं. माझं घेऊ नये. काल तिला तसं म्हटलं. ती बुटांची नाडी बांधत होती. “बरं,” म्हणाली.

शैला